मांजरीचं पिल्लू घरी आणलंय? आधी एकच खोली द्या

पिल्लू आणल्या आणल्या अख्खं घर दाखवत फिरवू नका, पहिले ३-४ दिवस एकच शांत खोली पुरे. त्यात एक पुठ्ठ्याचा बॉक्स आडवा ठेवा, आत जुना टीशर्ट, म्हणजे त्याला लपायला हक्काची जागा होते. ते पलंगाखाली जाऊन बसलं तर बसू दे, ओढून बाहेर काढू नका प्लीज, आपण नुसतं जमिनीवर बसून हळू आवाजात बोलत राहायचं, त्याच्याकडे बघून डोळे सावकाश मिटायचे-उघडायचे, मग कधीतरी ते स्वतःच येऊन बोटाचा वास घेतं, तो क्षण खरंच भारी असतो!

लिटर ट्रे (त्याचा शी-शूचा ट्रे) खाण्याच्या वाटीपासून लांब ठेवा, मांजरांना दोन्ही शेजारी-शेजारी असलेलं आवडत नाही. आधी जे खात होतं तेच सुरुवातीला द्या, नवीन फूड आठवडाभरात थोडं थोडं मिसळत बदला. आणि गायीचं दूध नको, बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब लागतात. पाणी मात्र कायम हवं. पहिल्या रात्री थोडं रडेल, ते चालतं, पण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका, सरळ व्हेटकडे न्या.