पद्मिनीचं इंजिन घरी बांधताना: आधी माप, मग पाना

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन घरच्या शेडमध्ये उघडून पुन्हा बांधता येतं, आणि उत्तम बांधता येतं. आमच्या आबांची १९८२ ची पद्मिनी मी कोल्हापुरात घरीच बांधली, आज ती आंब्याचा घाट कुरकुर न करता चढते. मी एका मशीन शॉपमध्ये तपासणी विभागात आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि बोअर गेज असतं, म्हणून या कामात मला सगळ्यात जास्त कळकळ मापाची आहे. इंजिन उघडायला कुणालाही जमतं. पण न मोजता रिंगा बदलल्या, न मोजता बेअरिंग टाकलं, की पैसे जातात आणि धूर तसाच राहतो. मापं वहीत उतरल्याशिवाय एकही सुटा भाग विकत आणू नका.

हे इंजिन घरी शिकायला फार चांगलं आहे. फियाटने १९५३ साली इटलीत आणलेल्या ११००/१०३ च्या घराण्यातलं. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात आधी फियाट ११०० डिलाइट आणि पुढे पद्मिनी म्हणून याच्या गाड्या निघाल्या. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास ६८ मि.मी., स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल ७५ मि.मी. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला मुख्य सांगाडा, बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच, वर पुशरॉड आणि रॉकर. क्रँकला तीन मेन बेअरिंग. कंप्युटर नाही, सेन्सर नाही. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं किंवा गेजवर मोजता येतं.

पाना हातात घेण्याआधी कॉम्प्रेशन बघा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, इग्निशन कॉइलची वायर सोडवा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला कुणाला तरी बसवा आणि एकेका सिलिंडरला गेज लावून स्टार्टर फिरवा. चार आकडे लिहा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलंय. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर मधलं हेड गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता जास्त. धुराचंही तसंच. उतारावर पाय सोडून पुन्हा दाबताना निळा धूर आला तर व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) बघा, चढावर सतत निळा येत असेल तर रिंगा. कधीकधी या एवढ्याशा तपासणीतूनच कळतं की नुसतं हेड उतरवून काम भागणार आहे. तसं असेल तर अख्खं इंजिन खाली काढण्याचा हट्ट धरू नका.

इंजिन काढायला चेन ब्लॉक लागतो, एक टनी चालतो. तो कशाला टांगणार हा खरा प्रश्न. जुन्या घराच्या तुळईवर किंवा पत्र्याच्या शेडच्या पाइपावर अजिबात विश्वास ठेवू नका. भाड्याने इंजिन क्रेन आणा, नाहीतर जाड पाइपांची तिकाटी करून घ्या. टांगलेल्या इंजिनाखाली हातसुद्धा घालायचा नाही. बॅटरी, पाणी, ऑइल, रेडिएटर, कार्बोरेटर, वायरिंग हे आधी सोडवायचं. प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधा आणि मोबाइलवर फोटो काढत राहा.

सोडवताना शिस्त ठेवायची ती जागेची. आठ पुशरॉड आणि आठ टॅपेट (कॅम आणि पुशरॉडच्या मधले तुकडे) जिथून निघाले तिथेच परत जाणार आहेत, कारण प्रत्येक टॅपेट आपापल्या कॅमबरोबर घासून बसलेला असतो. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यावर नंबर लिहा. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप ही जोडी एकत्र मशीन केलेली असते, ती कधीही बदलायची नाही. सोडवण्याआधीच दोन्हींवर एकाच बाजूला पंचाने खूण करा. मेन बेअरिंगच्या तिन्ही कॅपवरही तसंच. हेडचे नट इंजिन थंड असताना, कडेकडून मध्याकडे, थोडेथोडे ढिले करा. गरम अॅल्युमिनियमचं हेड एका बाजूने सोडलं तर ते वाकतं. आणि पिस्टन वर ढकलण्याआधी बोअरच्या तोंडाशी नख फिरवून बघा. तिथे काठ लागला तर तो आधी काढून घ्या. नाहीतर रिंग त्यात अडकून पिस्टनची खाच तुटते.

धुणं रॉकेल किंवा डिझेलमध्ये. आपल्याकडे ब्लॉक कॉस्टिक सोड्यात उकळायची पद्धत आहे. बिडाला ती चालते, पण हेड आणि पिस्टन त्यात टाकलेत तर अॅल्युमिनियम खाल्लं जातं. ब्लॉक पाठवण्याआधी अॅल्युमिनियमचा आणि बेअरिंग धातूचा प्रत्येक तुकडा उतरवला का, ते स्वतः बघा. ब्लॉकमधले ऑइलचे मार्ग बंद करणारे प्लग काढून आतून ब्रश फिरवा. वेल्च प्लग (ब्लॉकच्या भोकांवरच्या पत्र्याच्या गोल टोप्या) काढले की पाण्याच्या वाटांमधला गाळ दिसतो. विहिरीच्या किंवा बोअरवेलच्या जड पाण्यावर चाललेल्या गाडीत तो चौथ्या सिलिंडरमागे घट्ट बसलेला असतो. तार घालून तो पूर्ण उकरून काढा. गाडी उन्हाळ्यात तापते म्हणून लोक रेडिएटर बदलत राहतात आणि गाळ इथे पडून असतो.

आता माप. बोअर तीन उंचींवर मोजायचं: वरच्या रिंगेच्या जागी, मध्ये आणि तळाशी. प्रत्येक ठिकाणी दोनदा, एकदा क्रँकच्या दिशेने आणि एकदा त्याला आडवं. झीज सगळ्यात जास्त वरच्या रिंगेपाशी आणि आडव्या दिशेने सापडते, कारण पिस्टन त्याच बाजूला दाबला जातो.

बोअर गेज नसेल तरी अडत नाही. एक जुनी रिंग घ्या, बोअरच्या वरच्या झिजलेल्या भागात ठेवा, पिस्टन उलटा करून तिला सरळ खाली ढकला, आणि रिंगेच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजा. मग तीच रिंग तळाशी, जिथे झीज जवळपास नसते, तिथे नेऊन पुन्हा मोजा. दोन फटींतला फरक ३.१४ ने भागला की व्यासातला फरक मिळतो. आमच्या दुसऱ्या सिलिंडरला वर ०.९५ आणि खाली ०.४५ आलं. फरक ०.५०, म्हणजे व्यासात साधारण ०.१६ मि.मी. निमुळतेपणा. मी बोअर गेज लावून पडताळलं तर तेच आलं. इतक्या झिजलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे वाया. रिंग वर जाताना फाकते, खाली येताना आवळते, आणि थोड्याच दिवसांत ऑइल परत वर चढायला लागतं.

क्रँकच्या प्रत्येक जर्नलचंही (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) असंच दोन दिशांनी माप घ्या. नखाला लागेल एवढा ओरखडा असेल, किंवा गोलाई गेली असेल, तर क्रँक ग्राइंडिंगला. घासून बारीक झालेल्या जर्नलसाठी बेअरिंग दहा, वीस, तीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइजमध्ये येतात, म्हणजे ०.२५४, ०.५०८, ०.७६२ मि.मी. ग्राइंडिंगआधी क्रँकला चीर आहे का हे मॅग्नाफ्लक्सवर (चुंबकाने बारीक चिरा दाखवणारी तपासणी) तपासून घ्या. कोल्हापूर, पुण्यासारख्या गावांत फोर्जिंगवाल्यांमुळे ही सोय मिळते. ग्राइंडरवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: जर्नलच्या कडेची गोलाई तशीच ठेव. तिथे काटकोन झाला की क्रँक तिथूनच तुटतो.

झिजलेले सिलिंडर मोठ्या, म्हणजे ओव्हरसाइज पिस्टनच्या मापाला कापून घ्यायला, म्हणजे बोअरिंगला, मी कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात गेले. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी ब्लॉककडे बघितलंसुद्धा नाही. "ताई, पिस्टन कुठाय? पिस्टन हातात आल्याबिगर मी बोअरला हात लावत न्हाई." असाच माणूस शोधा. ओव्हरसाइज पिस्टन डब्यावर ०.४० लिहिलेला असला तरी प्रत्यक्षात प्रत्येकाचं माप मायक्रॉनमध्ये वेगळं असतं. पिस्टन पिनच्या आडव्या दिशेने, स्कर्टवर, डब्यातल्या कागदात सांगितलेल्या उंचीवर मोजायचा. त्यात कंपनीने दिलेली क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) मिळवायची आणि त्या मापाला त्या पिस्टनचा बोअर करायचा. कुठला पिस्टन कुठल्या सिलिंडरला, हे पिस्टनच्या डोक्यावर मार्करने लिहा. होनिंग (बोअर दगडाने बारीक घासणं) झाल्यावर भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसल्या पाहिजेत. त्या रेघांत ऑइल धरून राहतं. आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर घासला जाणार नाही याची कल्पना आधीच द्या. आरसी बुकावर तोच नंबर आहे.

ब्लॉक घरी आला की सगळे तो रॉकेलने पुसतात आणि जोडणीला लागतात. इथे थांबा. होनिंगच्या दगडाची भुकटी रॉकेलने निघत नाही, ती रेघांमध्ये रुतून बसते आणि नव्या रिंगा पॉलिश पेपरसारख्या घासून काढते. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि नायलॉनचा ब्रश घ्या आणि बोअर घासा. पाणी ओता, पुन्हा घासा. मग पांढरं सुती फडकं ऑइलमध्ये बुडवून बोअरमध्ये फिरवा. फडक्यावर करडा डाग आला तर पुन्हा धुणं. फडकं पांढरं निघेपर्यंत हे करायचं, कितीही कंटाळा आला तरी. पांढरं निघाल्याबरोबर हवा मारून वाळवा आणि लगेच ऑइल लावा, कारण नुकतंच कापलेलं बीड बघता बघता तांबूस होतं. माझ्या मते या अख्ख्या कामातला सगळ्यात मोलाचा वेळ हा धुण्याचा आहे.

हेडवर सरळ पट्टी लांबीने, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फीलर सरकवा. ०.०५ ची पाती सहज जात असेल तर सरफेस ग्राइंडिंगला द्या, पण लागेल तेवढंच काढायला सांगा. व्हॉल्व्ह लॅपिंग घरी करता येतं, आणि ते मला मनापासून आवडतं. सीटवर थोडी बारीक पेस्ट, काठीच्या रबरी टोकाला व्हॉल्व्ह चिकटवायचा, दोन तळव्यांमध्ये काठी घोळवायची, मध्येमध्ये उचलून वळवून पुन्हा ठेवायचा. सुरुवातीचा करकर आवाज हळूहळू मऊ होतो. पुसून बघितलं की व्हॉल्व्हवर आणि सीटवर सलग, फिकट करडं कडं दिसलं पाहिजे. कडं कुठे तुटलेलं असेल तर पुढे चालू. पेस्टचा कण न कण धुऊन, स्प्रिंग बसवून, हेड उलटं ठेवा आणि कंबश्चन चेंबरमध्ये रॉकेल भरा. थोडा वेळ पोर्टमध्ये थेंब उतरला नाही तर व्हॉल्व्ह बसला.

जोडणी स्वच्छ टेबलावर, पंखा बंद करून. क्रँक बसवताना प्लास्टिगेज वापरा: मेणासारखा बारीक धागा कोरड्या जर्नलवर ठेवायचा, कॅप पूर्ण टॉर्कला (मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराला) आवळायची, क्रँक न हलवता पुन्हा उघडायची आणि चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी ताडून बघायचा. साधारण ०.०५ मि.मी.च्या आसपास फट मिळाली की मन शांत होतं, तरी शेवटचा शब्द मॅन्युअलचा. टॉर्कचे आकडेही तिथूनच घ्या, ऐकीव आकड्यांवर जाऊ नका. प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवा. ज्या कॅपनंतर जड झाला, तीच उघडून बघायची. शेवटी सगळं जोडून झाल्यावर कुठे अडतंय हे शोधणं फार अवघड जातं.

नव्या रिंगांची फट प्रत्येकीच्या स्वतःच्या बोअरमध्ये तपासा. ६८ च्या बोअरला साधारण ०.२० ते ०.३५. कमी असेल तर बारीक कानसेने एकाच टोकाला घासा. पिस्टनवर सगळ्या रिंगांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना ठेवा. टायमिंग चेनच्या खुणा जुळवा, क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. हेड मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत आवळायचं. डिस्ट्रिब्युटर बसवताना पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनला वर आहे ना, याची खूण म्हणजे चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह त्या क्षणी हलत असतात. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

पेट्रोलचे रबरी पाइप आणि फ्युएल पंपाचा पडदा याच वेळी बदला. २०२३ पासून पंपांवर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल यायला लागलं आहे आणि जुनं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, चिरतं. इथेनॉल सोसणारा पाइप मागून घ्या. इतकं काम करून पेट्रोल गळून आग लागण्याची जोखीम घेऊ नका.

सुरू करण्याआधी २०डब्ल्यू-४० मिनरल ऑइल भरा, प्लग काढून ठेवा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत स्टार्टर फिरवा. मगच प्लग लावा. इंजिन लागलं की ते आयडलिंगवर सोडू नका. पंधराशे ते दोन हजार आरपीएममध्ये कमीजास्त करत वीसेक मिनिटं चालवा. दिवा, तापमान आणि गळती यांवर दोघांनी डोळा ठेवा. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घाला. बीड आणि अॅल्युमिनियम एकत्र आहेत, साध्या पाण्यात अॅल्युमिनियम आधी झिजतं.

इंजिन पूर्ण थंड झालं की, शक्यतो दुसऱ्या दिवशी, हेड पुन्हा टॉर्कला घ्या. हेड जरासं बसलं की टॅपेटची फट बदलते, म्हणून टॅपेट त्यानंतरच मॅन्युअलच्या मापाला लावा. पहिले पाचशे किलोमीटर वरच्या गिअरमध्ये रेटू नका आणि एकाच वेगाने लांबही पळवू नका. मग ऑइल आणि फिल्टर बदला आणि जुनं ऑइल पांढऱ्या ताटात ओतून उन्हात बघा. बारीक करडी चमक दिसली तर ती रिंगा बसल्याची. तांब्याच्या रंगाचे कण दिसले तर सम्प (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) उतरवून बेअरिंग बघा, गाडी पुढे चालवू नका.