बेन्झोपायरीन चिकटलेला डीएनए पेशी कसा दुरुस्त करते, कागदावर काढून शिका

ठाण्यातल्या क्लासमध्ये बीएस्सीची पोरं एक्सपीए, एक्सपीसी, एक्सपीजी ही डीएनए दुरुस्त करणाऱ्या प्रोटीनांची नावं घोकत बसतात आणि पेपरात क्रम चुकतोच. घोकू नका, एक कोरा कागद आणि दोन रंगांची पेनं घ्या. पुढे खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) ट्रेनिंगला अर्ज करायचा असेल तर हे पक्कं असलेलं बरं.

आधी केमिकल. बेन्झोपायरीन सिगारेटच्या धुरात असतं, डिझेलच्या धुरात असतं, आणि आपल्याकडच्या आज्या दाताला लावतात त्या मिश्रीतही, कारण तंबाखू तव्यावर जाळूनच ती बनते. मूळ रूपात ते डीएनएला चिकटत नाही, शरीर ते बाहेर टाकायला म्हणून पाण्यात विरघळणारं करायला जातं, पी450 एन्झाइम्स कामाला लागतात आणि त्यातूनच डायॉल इपॉक्साइड तयार होतं, ते डीएनएमधल्या ग्वानिनला (म्हणजे जी ला) जाऊन घट्ट बसतं.

आता दोन स्ट्रँड काढा, एका जी वर मोठा लाल गोळा (हेच ते चिकटलेलं केमिकल), आणि तिथे हेलिक्स वाकडी दाखवा. हा वाकडेपणाच सगळ्यात महत्त्वाचा, पेशी केमिकल ओळखत नाही, बिघडलेला आकार ओळखते. एक्सपीसी तर गोळ्याला हातही लावत नाही, समोरच्या चांगल्या स्ट्रँडला धरतं! आकारच बघितला जातो म्हणून यूव्हीने झालेलं डॅमेजही हीच टीम काढते, आणि ती बिघडली की होणाऱ्या झीरोडर्मा पिगमेंटोसम या आजारावरूनच ही एक्सपी नावं आली.

मग टीएफआयआयएच हा प्रोटीनांचा गट येतो, त्यातले एक्सपीबी, एक्सपीडी स्ट्रँड चेनसारखे उघडतात, एक्सपीए खात्री करायला मदत करतं. आता कापायचं. एफ म्हणजे फाइव्ह, एक्सपीएफ 5 प्राइमच्या (स्ट्रँडच्या एका टोकाच्या) बाजूला कापतं (सोबत त्याचं जोडीदार प्रोटीन ईआरसीसी1 लिहा, नाहीतर मार्क जातो), एक्सपीजी दुसऱ्या टोकाकडे, 3 प्राइमला. साधारण 24 ते 32 न्यूक्लिओटाइडचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा गोळ्यासकट बाहेर, पॉलिमरेज समोरचा स्ट्रँड वाचून जागा भरतं, लायगेज जोडतं. झालं.

जीन वाचला जात असेल तर आरएनए पॉलिमरेज गोळ्यापाशी अडकतं, तिथे एक्सपीसी लागत नाही, सीएसबी हे दुसरं प्रोटीन येतं, पुढचं सगळं सेम.

शेवटी बाजूला दुसरं चित्र काढा, रिपेअरच्या आधीच कॉपी झाली तर काय. गोळा असलेल्या जी समोर चुकून ए बसतो, पुढच्या कॉपीत ए समोर टी, म्हणजे जी चा टी झाला. सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये कॅन्सर रोखणाऱ्या पी53 जीनमध्ये हाच बदल वारंवार दिसतो.