होरायझन युरोपच्या कन्सॉर्शियममध्ये उतरताना: भारतीय विद्यापीठाने प्रस्ताव कसा बांधावा

युरोपातल्या एखाद्या प्राध्यापकाचा मेल येतो. अमुक कॉलसाठी (प्रस्ताव मागवणाऱ्या सूचनेसाठी) कन्सॉर्शियम, म्हणजे संस्थांचा गट, बांधतोय, तुमचं विद्यापीठ येईल का? विभागात लगेच विषयावर चर्चा सुरू होते. खरं तर त्याआधी एक प्रश्न सुटायला हवा: आपण कोणत्या नात्याने जाणार आणि आपला खर्च कोण उचलणार? हे ठरलेलं नसलं तर पुढचं बजेट, वर्क पॅकेज (कामाचे गट), सह्या सगळं लटकतं, आणि शेवटच्या आठवड्यात कोऑर्डिनेटर, म्हणजे कन्सॉर्शियमचं नेतृत्व करणारा, आपलं नाव गाळून मोकळा होतो.

होरायझन युरोप हा युरोपीय संघाचा २०२१ ते २०२७ या काळातला संशोधन कार्यक्रम. त्यातल्या नेहमीच्या सहकार्य प्रकल्पाला एकमेकांपासून स्वतंत्र अशा किमान तीन संस्था लागतात. त्या तीन वेगवेगळ्या देशांतल्या हव्यात, त्यातली निदान एक सदस्य देशातली हवी आणि बाकीच्या सदस्य किंवा संलग्न (करार करून कार्यक्रमात सामील झालेल्या) देशांतल्या. भारतातली संस्था या तिघांच्या वर येते, त्यांच्या जागी नाही. निधीच्या बाबतीत भारत, चीन, ब्राझील, मेक्सिको यांसारखे देश आपोआप पात्र होणाऱ्यांच्या यादीत धरलेले नाहीत. ही यादी बदलू शकते, म्हणून ज्या वर्षाचा कॉल त्याच वर्षाच्या वर्क प्रोग्रॅमची (कॉल आणि नियम मांडणाऱ्या दस्तऐवजाची) सर्वसाधारण परिशिष्टं उघडून पाहायची. जुन्या सहकाऱ्याच्या आठवणीवर जाऊ नये.

व्यवहारात आत यायचे मार्ग मोजके आहेत. कॉलच्या अटींतच भारतीय संस्थांना निधी मिळेल असं लिहिलेलं असलं तर उत्तमच. तसं नसलं तर ‘या संस्थेशिवाय प्रकल्प होऊच शकत नाही’ असं पटवून अपवादाने निधी मागता येतो. मात्र निर्णय निधी देणाऱ्या यंत्रणेचा असतो, आणि नकार आला तर आपल्या वाट्याचं काम हवेत राहतं. हा जुगार फक्त तेव्हाच खेळावा जेव्हा नमुने, रुग्णगट, नदीखोरं किंवा पीक खरोखर दुसरीकडे मिळणार नाही. तिसरा आणि सर्वांत वापरातला मार्ग म्हणजे असोसिएटेड पार्टनर. काम आपण करायचं, खर्चाचा दावा युरोपकडे करायचा नाही, पैसा आपला आपण आणायचा.

हा पैसा काही वेळा भारत सरकारच देतं. विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, जैवतंत्रज्ञान विभाग किंवा पृथ्वी विज्ञान मंत्रालय युरोपीय कॉलशी जोडून आपली सूचना काढतात. २०१८ मध्ये पाण्याच्या विषयावर असा भारत-युरोप कॉल होता. २०२५ मध्ये सागरी प्रदूषण आणि कचऱ्यापासून हायड्रोजन या विषयांवर समन्वित कॉल निघाले. अशा वेळी भारतीय खात्याची सूचना स्वतंत्रपणे वाचा: पात्रता, मुदत, मनुष्यबळाचे दर, सगळं तिथलं वेगळं असतं. दोन्हीकडच्या कागदांत कामाचं वर्णन आणि महिने जुळले नाहीत तर दोन्ही बाजूंना शंका येते.

नातं ठरलं की नोंदणी. युरोपीय आयोगाच्या फंडिंग अँड टेंडर्स पोर्टलवर प्रत्येक संस्थेचा नऊ अंकी ओळख क्रमांक असतो, त्याला पिक म्हणतात. नवा काढण्याआधी शोधा, कारण मोठ्या विद्यापीठांत दोन विभागांनी वेगवेगळ्या स्पेलिंगने दोन क्रमांक काढून ठेवल्याचं आढळतं, आणि मग कुठला खरा यावर आठवडे जातात. प्रस्ताव भरताना कच्चा क्रमांक चालतो. कागदपत्रांची पडताळणी नंतर होते.

सह्यांची वाटही आत्ताच पाहून ठेवा. प्रकल्पप्रमुख प्राध्यापक विद्यापीठाच्या वतीने करार करू शकत नाही. कुलसचिव, वित्त व लेखाधिकारी, विधी कक्ष आणि गरज पडल्यास व्यवस्थापन परिषद यांच्या टेबलांवरून फाइल जाते. असोसिएटेड पार्टनर मुख्य अनुदान करारावर सही करत नाही, पण कन्सॉर्शियम कराराशी त्याला बांधून घेतलं जातं. बहुतेक जण त्यासाठी डेस्का हा नमुना घेतात, आणि त्यात बेल्जियमचा कायदा लागू धरलेला असतो. राज्य विद्यापीठाचा विधी कक्ष नेमका इथे अडतो. म्हणून नमुना प्रस्ताव लिहितानाच त्यांना वाचायला द्या आणि हरकती कोऑर्डिनेटरला तेव्हाच कळवा. लेखापरीक्षण, गोपनीयता, नोंदी जपणं अशा काही जबाबदाऱ्या युरोपीय भागीदार आपल्यावरही लादणार, कारण मुख्य करारच त्यांना तसं सांगतो.

प्रस्ताव वाचणारा काय शोधतो

कॉलचा मजकूर दोन पानांचा असतो, पण त्यातलं प्रत्येक वाक्य गुणांचं आहे. अपेक्षित फलितं, व्याप्ती, एका प्रकल्पाला साधारण किती निधी, तंत्रज्ञानाची पातळी कुठून कुठे न्यायची, प्रकार कोणता. संशोधन प्रकारात सर्वांना शंभर टक्के खर्च मिळतो. नवोपक्रम प्रकारात नफा कमावणाऱ्या कंपन्यांना सत्तर टक्के. ‘फलितं’ या परिच्छेदातलं प्रत्येक फलित वेगळ्या ओळीत उतरवून समोर ‘हे कोण, कुठल्या टास्कमध्ये, कोणत्या महिन्यात देणार’ असं लिहा. एखाद्या ओळीसमोर जागा रिकामी राहिली तर तिथे भागीदार कमी आहे. एखाद्या भागीदाराचं नाव कुठेच आलं नाही तर तो जास्त आहे, भले तो कितीही नामवंत असो.

अर्जाचे दोन भाग. पहिला पोर्टलवर भरायचा: संस्था, संशोधक, बजेट, नैतिकतेची प्रश्नावली. दुसरा पीडीएफ. त्यात उत्कृष्टता, परिणाम, अंमलबजावणी असे तीन विभाग, प्रत्येकी ५ पैकी गुण. प्रत्येकात किमान ३ आणि एकूण १५ पैकी १० हवेत. प्रत्यक्षात नुसत्या दहा गुणांनी काही मिळत नाही, स्पर्धा त्याच्या बरीच वर चालते. कमीत कमी तीन स्वतंत्र तज्ज्ञ वाचतात. दोन टप्प्यांच्या कॉलमध्ये पहिला प्रस्ताव छोटा असतो आणि त्यात पहिले दोनच निकष तपासतात. तो निनावी मागितला असेल तर संस्थेचं नाव, ‘आमच्या पूर्वीच्या प्रकल्पात’ असले उल्लेख, लोगो, सगळं काढावं लागतं.

आपल्याकडच्या बाजूने सर्वाधिक गुण जातात ते अंमलबजावणीत. समजा, पुण्यातल्या सांडपाण्यावर एक छोटा प्रक्रिया संच वर्षभर चालवून पाहायचा आहे. हे काम कार्यपद्धतीत एका ओळीत येतं आणि तिथेच संपतं. असं चालत नाही. ते टास्कच्या वर्णनात यायला हवं, डिलिव्हरेबलच्या (ठरल्या वेळी सादर करायच्या निष्पत्तींच्या) यादीत महिन्यासह यायला हवं, मनुष्यबळाच्या तक्त्यात आपल्या नावासमोर महिने दिसायला हवेत, जोखमीच्या तक्त्यात ‘पावसाळ्यात प्रवाह अनेक पटींनी वाढतो’ आणि ‘महापालिकेची परवानगी लांबली तर’ या ओळी त्यांच्या उपायासह हव्यात, नैतिकतेच्या भागात नमुने आणि माहिती युरोपात नेणार का हेही हवं. पाचांपैकी एका ठिकाणी जरी ते गायब असलं तरी तज्ज्ञ ‘भूमिका स्पष्ट नाही’ असं लिहितो.

भागीदारांच्या क्षमतेच्या भागात, आपोआप पात्र नसलेल्या देशातली संस्था निधी मागत असेल तर ती का अत्यावश्यक, हे स्पष्ट विचारलेलं असतं. ‘भारत मोठी बाजारपेठ आहे’ हे उत्तर नव्हे. अमुक विकाराचे रुग्ण, अमुक खोऱ्यातली इतक्या वर्षांची मोजमापं, अमुक यंत्रणा, असं लिहा. आपण असोसिएटेड पार्टनर असू तर पैसा कुठल्या शीर्षातून येणार तेही त्याच जागी लिहा. कॉलने मागितल्याशिवाय जादा पत्रं जोडता येत नाहीत, त्यामुळे कुलगुरूंचं सुंदर पाठिंबापत्र कुणी वाचणार नाही.

युरोपातल्या विद्यापीठांना लिंग समानता आराखडा सक्तीचा आहे, संलग्न नसलेल्या देशातल्या संस्थेला नाही. संशोधनाच्या आशयातला स्त्री-पुरुष फरकाचा मुद्दा मात्र सगळ्यांनाच हाताळावा लागतो, आणि तो पहिल्या विभागात तपासला जातो. खुला विदासाठा आणि प्रकाशनं खुली ठेवणं हेही तिथेच येतं.

महिने आणि पैसे

मनुष्यबळ पर्सन-मंथमध्ये, म्हणजे एका माणसाच्या एका महिन्याच्या कामात, मोजतात. वर्षाचे २१५ कामाचे दिवस धरतात, म्हणजे एक पर्सन-मंथ साधारण १८ दिवसांचा. चार वर्षांच्या प्रकल्पात प्राध्यापकाचे ६ पर्सन-मंथ म्हणजे वर्षाला २७ दिवसांच्या आसपास. अध्यापनाचा भार सांभाळून ते जमणार का, हे आधी विभागप्रमुखाशी बोला. प्रत्यक्ष कामाचा मोठा भाग पोस्टडॉक आणि प्रकल्प सहायकांच्या महिन्यांत ठेवावा, आणि नेमणुकीला आपल्याकडे जाहिरात, मुलाखत, मान्यता यांत जाणारा वेळ धरून त्यांचं काम पहिल्या महिन्यापासून सुरू होईल असं लिहू नये.

निधी मिळणाऱ्या भागीदाराचं बजेट उदाहरणार्थ असं बसतं: कर्मचारी २,४०,००० युरो, प्रवास २०,०००, उपकरणांचा घसारा ३०,०००, इतर साहित्य ३०,०००. एकूण प्रत्यक्ष खर्च ३,२०,०००. त्यावर २५ टक्के सरसकट अप्रत्यक्ष खर्च, म्हणजे ८०,०००. बेरीज ४,००,०००. उपकंत्राट असेल तर ते वेगळं मिळवायचं, त्यावर २५ टक्के लावायचे नाहीत. उपकरणाची पूर्ण किंमत नेहमीच्या नियमाने टाकता येत नाही, प्रकल्पाच्या काळातला घसाराच टाकता येतो. आपल्याकडच्या प्रस्तावांची सवय असलेले लोक नेमके इथे चुकतात. खरेदीचा खर्च कर्मचारी खर्चाच्या १५ टक्क्यांवर गेला तर त्याचा तपशील वेगळ्या तक्त्यात द्यावा लागतो.

बरेच कॉल आता लम्पसम, म्हणजे ठरावीक एकरकमी निधीच्या, पद्धतीचे असतात. तिथे पैसे पावत्यांवर नव्हे, तर वर्क पॅकेज पूर्ण झाल्यावर मिळतात. म्हणून चार वर्षं चालणारं एकच अवजड पॅकेज बांधू नका, कालावधीनुसार तोडा. आपला संच बंद पडला म्हणून स्पेनमधल्या भागीदाराचे पैसे अडकले, तर पुढच्या प्रस्तावात आपल्याला कुणी घेणार नाही.

निधी थेट आपल्याकडे येणार असेल तर परकीय योगदान नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए, आपल्या संस्थेला लागू आहे का ते वित्त विभागाकडून लेखी घ्या. राज्य कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगचं लेखापरीक्षण सक्तीचं असलेल्या संस्थांना सूट आहे; ट्रस्टच्या अभिमत विद्यापीठाची गोष्ट वेगळी. ज्यांना कायदा लागू आहे त्यांना २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम दुसऱ्या भारतीय संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे ‘आम्ही घेतो आणि शेजारच्या महाविद्यालयाला देतो’ ही आखणी मुळातच चुकीची.

परवानग्या

आरोग्यविषयक परदेशी सहकार्याला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत (आयसीएमआर) आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. जैविक साधनसंपत्ती परदेशी संस्थेला द्यायची असेल तर २००२ चा जैवविविधता कायदा आणि चेन्नईचं राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण येतं. सरकारमान्य सहकार्य प्रकल्पांना त्यात सवलत आहे, पण ती गृहीत धरू नका. नैतिकतेच्या प्रश्नावलीत ‘लागू नाही’वर टिक करून ठेवणं सोपं वाटतं. नंतरच्या छाननीत ते उघडं पडतं आणि करार रखडतो.

शेवटचा आठवडा

मुदत ब्रुसेल्सच्या संध्याकाळी पाचची असते. भारतात ते उन्हाळ्यात रात्री साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. पोर्टल एक मिनिटही थांबत नाही. प्रस्ताव फक्त कोऑर्डिनेटर दाखल करतो, आणि मुदतीपर्यंत कितीदाही बदलून देता येतो. शेवटची प्रत ग्राह्य. म्हणून दोन दिवस आधी एक पूर्ण प्रत चढवून ठेवायला सांगा. अक्षर किमान ११ पॉइंट, समास १५ मिलिमीटर, फाइल १० एमबीच्या आत. पानांची मर्यादा नमुन्यातच दिलेली असते. मर्यादेपलीकडची पानं तज्ज्ञांना दिसतच नाहीत, आणि शेवटच्या पानांवर नेमके मनुष्यबळाचे आणि खर्चाचे तक्ते असतात.

निकाल पाच महिन्यांत कळवणं अपेक्षित असतं, करार आठ महिन्यांत. मधल्या काळात कामाचा आराखडा नव्याने मांडायची मुभा नसते. तज्ज्ञांनी दाखवलेल्या उणिवाही तेव्हा भरून काढता येत नाहीत. नकार आला तर मूल्यमापन अहवाल मागून घ्या. पुन्हा अर्ज करताना गेल्या दोन वर्षांत असाच प्रस्ताव दिला होता का, हे विचारतात. नव्या तज्ज्ञांना जुने गुण बांधील नसतात. गेल्या वेळी साडेतीन गुण मिळालेला प्रस्तावाचा विभाग तेवढीच डागडुजी करून पुन्हा पाठवला तर यंदा तीनही मिळू शकतात.