ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचा अभ्यास कसा करावा

शिक्षण, स्थलांतर आणि दुष्काळ यांचा एकत्र अभ्यास करू पाहणाऱ्या संशोधकाला बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांची मुले हा विषय हमखास सुचतो. मात्र शाळेचे हजेरीपत्रक हाती घेऊन काम सुरू केले, तर उत्तरही हजेरीपत्रकापुरतेच मिळते. पटावर नाव असणे आणि मूल वर्गात असणे यांतील अंतर मोजायचे असेल, तर तेच मूल एकदा दसऱ्याच्या आधी गावात आणि पुन्हा जानेवारीच्या सुमारास फडावर, म्हणजे ऊसतोड चाललेल्या शेतावर, पाहावे लागते.

गावातील फेरीत घरोघरची यादी करावी आणि कोणती मुले आईवडिलांबरोबर जाणार, कोणती आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहणार, याची नोंद घ्यावी. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, कोणत्या मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) घेतली व टोळी कोणत्या कारखान्याला जाणार, हेही तेव्हाच विचारावे, कारण पुढे त्या कुटुंबाचा माग काढायला तोच धागा उरतो. मजुरांच्या हिशेबात नवराबायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे तोडणीचे एक एकक, धरला जातो. त्या हिशेबात मुले येतच नाहीत, म्हणून त्यांची विचारपूस वेगळी करावी. जन्मतारीख सांगता येत नसेल, तर 2013 च्या चारा छावणीच्या आधीचा जन्म की नंतरचा, असे विचारल्यास वय बरेच नेमके कळते.

फडावर आपली वेळ चालत नाही. तोडणी पहाटे सुरू होते आणि गाडी आली की रात्रीही भरणी करावी लागते. बैलगाडीवाल्यांशी निवांत बोलायला कारखान्याच्या वजनकाट्यासमोरची गाड्यांची रांग बरी, तर बायकांशी बोलायचे झाल्यास संध्याकाळी कोपीसमोर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीसमोर, चूल पेटल्यावर जावे. मी पहिल्या खेपेस मुकादमाच्या देखतच प्रश्न विचारले आणि सगळी मुले ‘शाळेत जातात’ असे लिहून आणले. दुसऱ्या दिवशी त्याच यादीतली एक मुलगी भरदुपारी धाकट्या भावाच्या झोळीला झोका देत बसलेली दिसली. तेव्हापासून ‘शाळेत जाते का?’ हा प्रश्न मी सोडून दिला असून ‘काल दुपारी ती कुठे होती?’ असे विचारतो. आईवडिलांची संमती घेतली, तरी मुलाने मान फिरवली की तिथेच थांबावे, आणि छायाचित्रे काढूच नयेत.

पावसाशी संबंध जोडताना जिल्ह्याची सरासरी वापरू नये, कारण ती एकाच तालुक्यातील दोन गावांतला फरकही झाकून टाकते. महसूल मंडळनिहाय, म्हणजे तालुक्याहून लहान विभागांचे, आकडे घ्यावेत. पाऊस कमी म्हणजे स्थलांतर जास्त, इतके सरळ गणितही मांडू नये. गेल्या हंगामाच्या उचलीची न फिटलेली बाकी अंगावर असलेले कुटुंब चांगल्या पावसाच्या वर्षीही जाते. उलट, दुष्काळात ऊसच कमी असल्याने हंगाम लवकर आटोपतो आणि मुले अवेळी गावात परततात. म्हणून पावसाच्या रकान्याशेजारी उचलीचा आणि बाकीचा रकाना असायलाच हवा.

टोळ्या परतल्यावर तिसरी फेरी करावी. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू असल्यामुळे सहा ते चौदा वयाच्या मुलाचे नाव पटावर बहुधा सापडते. तेवढ्यावर समाधान न मानता, मुलाला त्याच्याच इयत्तेच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला द्यावा आणि तो जिथे अडखळला ती ओळ तशीच वहीत उतरवून घ्यावी.