चवथीच्या रजा आषाढातच ठरवा

गोव्यात दुकान, बेकरी किंवा छोटं हॉटेल चालवणाऱ्यांची खरी परीक्षा चवथीच्या आठवड्यात असते. गिऱ्हाईक दुप्पट आणि कामगार गावाला. म्हणून आषाढातच प्रत्येकाला एक प्रश्न विचारून ठेवा: तुमच्या घरचा गणपती किती दिवसांचा? दीड दिवसवाला तिसऱ्या दिवशी येऊ शकतो, पाच किंवा सात दिवसवाल्याकडून ती अपेक्षा धरू नका. माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांच्या) खरेदीसाठी आदला दिवसही लागतो, तो धरूनच तारखा वहीत लिहा आणि शेजारी सही घ्या. तोंडी 'बघूया' म्हटलं की दोघं एकाच दिवशी गायब होणार, हे नक्की समजा.

ख्रिस्ती कामगार असतील तर अदलाबदल सोपी: चवथीला ते सांभाळतील, नाताळाला बाकीचे. मात्र ही देवाणघेवाण त्यांच्यावर लादू नका, आधी विचारा. दरवेळी त्याच एका शांत माणसाला थांबवून घेणं तर फारच वाईट. असा माणूस तक्रार करत नाही, सरळ नोकरी सोडतो.

सणाची उचल दिली तर रक्कम आणि पगारातून कापायचा हप्ता त्याच वहीत मांडा.

हंगामी माणसं घेताना डोकी मोजा. एकूण 10 झाली की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतं, 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी. 'चार दिवसांचाच तर आहे' हे कारण तिथं चालत नाही.