अफ्लाटॉक्सिन चाचणी: रिपोर्ट 'पास', मग माल परत का आला? या चुका टाळा

'पास' रिपोर्ट हातात असूनही मसाल्याचा माल परदेशी बंदरात अडकला, की पहिला राग प्रयोगशाळेवर निघतो. माझ्या अनुभवात चूक बहुतेकदा त्याआधीच, पोत्यापाशी झालेली असते.

अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीने सोडलेलं विष, बी१ हा त्याचा एक प्रकार. साधा हिशेब करा. युरोपीय संघात सुक्या मिरचीला अफ्लाटॉक्सिन बी१ ची मर्यादा किलोला 5 मायक्रोग्रॅम. म्हणजे 10 टनांच्या लॉटमध्ये सगळं मिळून 50 मिलिग्रॅम विष भरलं, की मर्यादा गाठली. मिठाची चिमूटसुद्धा याहून जड भरेल! त्यात हे विष लॉटभर सारखं पसरलेलं नसतं. बाहेरून लालभडक मिरची मोडून बघावी, तर आत बियांवर बुरशीची भुकटी. अशा मिरच्या दोन-चार पोत्यांतच असतात. दाराजवळच्या पोत्यांतून मूठ-मूठ माल काढला तर त्या हाताला लागणारच नाहीत. युरोपच्या नियमात मोठ्या लॉटमधून 100 ठिकाणचे नमुने घ्यायला सांगितलंय ते याचसाठी. तळातली, मधली, भिंतीलगतची पोती सोडू नका.

एवढं करून पुढे त्या ढिगातल्या अर्धा किलो अख्ख्या मिरच्या प्रयोगशाळेत पाठवल्या, तर सगळी मेहनत वाया. आधी सगळा नमुना बारीक दळा, नीट कालवा, मगच वाटे करा.

एलायझा किट (विषाला चिकटणाऱ्या अँटिबॉडी आणि रंगावरून ते ओळखणारी झटपट चाचणी) पहिल्या चाळणीपुरतं चांगलं. पण मिरची-हळदीचा रंग त्यात लुडबुड करतो, म्हणून त्या मसाल्यावर पडताळलेलंच किट वापरा आणि आकडा मर्यादेच्या आसपास आला तर एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारी अचूक यंत्रचाचणी) करून घ्या. तिथेही एक खोच आहे. मिथेनॉलमधला अर्क पुरेसा पातळ न करता इम्युनोअ‍ॅफिनिटी कॉलमवर (मोजणीआधी अर्कातलं विष धरून ठेवणाऱ्या अँटिबॉडींची नळी) ओतला, तर अँटिबॉडी विष नीट धरत नाहीत. आकडा कमी येतो आणि सगळे खूश! म्हणून रिकव्हरी विचाराच: नमुन्यात मुद्दाम 10 घातले आणि 5 च सापडले, तर त्या रिपोर्टवर कंटेनर भरू नये.

रिपोर्ट वाचतानाही घाई नडते. एकूण अफ्लाटॉक्सिन 8.5, मर्यादा 10, म्हणजे पास? त्यातलं बी१ जर 6.2 असेल तर नापास. ऑक्राटॉक्सिन ए या बुरशीच्याच दुसऱ्या विषाची मर्यादा वेगळी आहे: मिरचीला 20, मिरी-हळद-आल्याला 15. ती चाचणी मागितल्याशिवाय होईल असं धरू नका.

नापास लॉट वाफेने निर्जंतुक करून पुन्हा पाठवणारेही भेटतात. वाफेने बुरशी मरते, तिने आधीच सोडलेलं विष तसंच राहतं. साध्या भाजण्यानेही ते पुरतं जात नाही.

शेवटी नमुना घेतल्याची तारीख आणि कंटेनर भरल्याची तारीख शेजारी ठेवून बघा. मधल्या दिवसांत पोती ओल्या फरशीवर पडून होती का, हे त्या रिपोर्टात कुठेच नसतं.