हार्ड बॉप क्विंटेट कसे ऐकावे: ‘मोनिन्’च्या निमित्ताने

जॅझचा एखादा गाजलेला अल्बम उत्सुकतेने लावावा, सुरुवातीची धून आवडावी आणि एकल वादने सुरू होताच लक्ष भरकटावे, हा अनुभव नव्या श्रोत्यांना हमखास येतो. अशा वेळी कानाला काहीतरी धरून राहावे लागते, आणि हार्ड बॉप या जॅझच्या शैलीत तो आधार रचनेच्या आराखड्यातच सापडतो. १९५०च्या दशकाच्या मध्यास बीबॉप या आधीच्या जॅझशैलीच्या चपळ, गुंतागुंतीच्या वादनात ब्लूज आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील संगीत पुन्हा ठळकपणे मिसळून ही शैली घडली, एवढा इतिहास सुरुवातीला पुरे. बाकीचा नंतर वाचला तरी चालेल.

ऐकण्यासाठी ड्रमवादक आर्ट ब्लेकी आणि त्यांच्या जॅझ मेसेंजर्स या क्विंटेटने, म्हणजे पाच वादकांच्या संचाने, ३० ऑक्टोबर १९५८ रोजी ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेले ‘मोनिन्’ या अल्बमचे ध्वनिमुद्रण घ्यावे. न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी आपल्या आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यातच स्टुडिओ थाटला होता, तिथे हे काम झाले. ट्रम्पेटवर अवघ्या वीस वर्षांचे ली मॉर्गन, टेनर सॅक्सोफोनवर बेनी गोल्सन, पियानोवर बॉबी टिमन्स, डबल बेसवर जिमी मेरिट आणि ड्रम्सवर स्वतः ब्लेकी. ब्लेकी पिट्सबर्गचे, बाकीचे चौघे फिलाडेल्फियाचे. संपूर्ण अल्बम एका बैठकीत ऐकण्याचा आग्रह धरू नये. पहिले काही दिवस ‘मोनिन्’ याच नावाची साडेनऊ मिनिटांची पहिली रचनाच पुन्हा पुन्हा ऐकावी.

पहिल्या खेपेस फक्त धून ऐकावी. पियानो एकटाच एक छोटे वाक्य म्हणतो आणि बाकीचे वादक दोन जड स्वरसंघातांनी (एकत्र वाजणाऱ्या सुरांनी, म्हणजे कॉर्ड्सनी) त्याला उत्तर देतात. चर्चमध्ये प्रवचनकाराच्या वाक्याला जमाव ‘आमेन’ म्हणतो, तसेच हे उत्तर आहे. आठ बार (एक बार म्हणजे चार मात्रांचा गट) असे गेल्यावर भूमिका बदलतात: तेच वाक्य आता ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन म्हणतात. त्यानंतर आठ बारांचा वेगळा भाग, म्हणजे ब्रिज, येतो. तिथे सवाल-जवाब थांबतात आणि लय मोकळी वाहू लागते. शेवटी पहिले आठ बार परततात. पहिले वाक्य टिमन्स दोन रचनांच्या मधल्या वेळेत सहज वाजवत असत आणि गोल्सन यांनी मागे लागून त्यांच्याकडून ब्रिज लिहून घेतला, असे गोल्सन यांनीच सांगितले आहे. ब्रिज नसता तर हे वाक्य गोड असूनही लवकरच कंटाळवाणे झाले असते, असे मला वाटते.

असे ३२ बारांचे, म्हणजे १२८ मात्रांचे, एक आवर्तन होते आणि पुढची सगळी एकल वादने याच आवर्तनावर चालतात. म्हणून दुसऱ्या खेपेस मूळ धून मनात गुणगुणत राहावे. मॉर्गन काहीही वाजवत असले तरी खाली तोच आराखडा फिरतो आहे, हे एकदा कळले की त्यांच्या तुटक, ठसठशीत वाक्यांमधली मोकळी जागाही अर्थपूर्ण वाटू लागते. गणना चुकली तर ब्रिजची वाट पाहावी: तिथे स्वरसंघातांची चाल बदलते आणि हरवलेला श्रोता पुन्हा वाटेवर येतो.

माझ्या मते या ध्वनिमुद्रणाची खरी गंमत सांध्यांमध्ये आहे. मॉर्गन यांचे वादन संपते तिथले शेवटचे वाक्य उचलूनच गोल्सन आपले वादन सुरू करतात. ती जागा मागे नेऊन दोन-तीनदा ऐकावी. पाच जण वाजवताना एकमेकांचे किती ऐकत आहेत, हे त्या क्षणाइतके स्पष्ट क्वचितच कळते. टिमन्स यांच्या वादनात एकेरी सुरांच्या ओळींनी सुरू झालेली गोष्ट हळूहळू भरगच्च स्वरसंघातांकडे कशी चढत जाते, तेही पाहावे.

त्यानंतरची एक खेप संपूर्णपणे ब्लेकी यांना द्यावी. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटणारा हाय-हॅट (पायाने मिटवायची झांजांची जोडी) हा आधार धरून ठेवावा, आणि एक आवर्तन संपून दुसरे सुरू होताना स्नेअर ड्रमवर फुगत जाणारा त्यांचा प्रसिद्ध प्रेस रोल (काठ्या दाबून काढलेला सलग घुमारा) केव्हा येतो याकडे लक्ष द्यावे. एकल वादकाला तो अक्षरशः पुढच्या आवर्तनात ढकलतो. बेसकडे मात्र मोबाइलच्या स्पीकरवरून लक्ष देता येणार नाही, कारण डबल बेसची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर बोलते आणि तो पाया इतक्या लहान स्पीकरमधून निघत नाही. साधे हेडफोन त्यापेक्षा कितीतरी बरे.

ही रचना ओळखीची झाल्यावर गोल्सन यांच्या ‘अलाँग केम बेटी’कडे वळावे. तिथली धून मृदू आणि लांब वाक्यांची आहे, त्यामुळे हाच संच संयमाने कसा वाजवतो ते कळते. मग ‘ब्लूज मार्च’ घ्यावे. लष्करी थाटाच्या ड्रम्सनी सुरू होणाऱ्या या रचनेचा पाया १२ बारांचा ब्लूज असल्यामुळे आवर्तन लवकर फिरते आणि मोजणे सोपे जाते. ‘द ड्रम थंडर स्वीट’ शेवटी ठेवावे. ती तीन भागांची रचना ड्रम्सभोवती बेतलेली आहे, आणि ब्लेकी यांचा हात ओळखीचा होण्यापूर्वी ऐकली तर नुसता गडगडाट वाटण्याची शक्यता अधिक.